आठ वजीर बसवण्याचा शास्त्रोक्त विधी

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे की कोणाचाही कोणावर मारा असू नये, हे कोडं माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूने 1848 साली मांडलं. युरोपात ते आठ राण्यांचं कोडं म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे राणीच्या जागी वजीर असल्यामुळे सवतीमत्सराचा प्रश्न उरत नाही, मामला सरळ खातेवाटपाचा होतो. हे कोडं कागद-पेन्सिलीने सुटतं, सी किंवा पायथॉनमध्येही सुटतं. प्रोग्रामची रचना नीट कशी करावी हे 1972 साली शिकवताना संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने हेच उदाहरण घेतलं होतं. या सगळ्या मळलेल्या वाटा सोडून प्रस्तुत मार्गदर्शन एक्सएसएलटीची वाट दाखवतं. ही भाषा जन्मली एक्सएमएल दस्तऐवजाला वेबपानाचे कपडे चढवण्यासाठी. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती 16 नोव्हेंबर 1999 रोजी प्रमाण ठरली, आणि त्या मानकाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय की ही सर्वकामी रूपांतरभाषा नव्हे. म्हणजे आपण शिंप्याकडे दात काढायला निघालो आहोत. तरीही आमचं म्हणणं असं, की या दातासाठी शिंपीच बरा. या कोड्यात वजीर बसवणं कोणालाही जमतं; त्रास होतो तो बसवलेला वजीर उठवताना. जिथे उठवण्याची सोयच ठेवलेली नाही, त्या भाषेत तो त्रास मुळात उद्भवत नाही.

आधी पूजेची मांडणी. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीला रूपांतर करण्यासाठी समोर एखादा दस्तऐवज लागतोच. आपल्या कोड्यात रूपांतर करावं असं काहीच नाही. पण गणपतीची मूर्ती नसली म्हणून पूजा अडत नाही, सुपारी मांडली की भागतं. म्हणून एका फाइलीत आठ रिकामे टॅग मांडावेत. टॅगचं नाव देवनागरीत चालतं, तेव्हा ते खुशाल ‘सुपारी’ असंच ठेवावं. फक्त आकडे रोमन लिपीतले लागतात. देवनागरी अंकाला ही भाषा आकडा मानत नाही. सुपाऱ्या आठच का, तर या आवृत्तीत एक ते आठ मोजणारं चक्र नाही. ‘फॉर-ईच’ नावाची जी आज्ञा आहे ती समोरच्या वस्तूंवरून एकेक करत फिरते. वस्तूच नसतील तर फिरणार कशावरून? आठ सुपाऱ्यांवरून ती फिरली की कितव्या सुपारीवर आहोत हे विचारता येतं, आणि तोच आपला उभ्या रांगेचा क्रमांक. आतापर्यंत बसलेले वजीर एका अक्षरमालिकेत लिहायचे: 135 म्हणजे पहिल्या ओळीतला पहिल्या घरात, दुसरीतला तिसऱ्यात, तिसरीतला पाचव्यात. कितवी ओळ चालू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मालिकेच्या लांबीत एक मिळवला की झालं.

आता ‘वजीर’ नावाचं टेम्प्लेट लिहावं. त्याचं काम एवढंच: मालिका आठ अंकी असेल तर ती छापून मोकळं व्हायचं, नसेल तर आठही सुपाऱ्यांवरून फिरून प्रत्येक घरासाठी ना हरकत दाखला मागायचा. दाखल्याची पद्धत अशी. ‘हरकत’ नावाच्या चलाच्या पोटात आधीच्या प्रत्येक वजिरासमोरून जायचं, आणि ज्याची तक्रार असेल त्याने एक फुली मारायची. शेवटी कागद कोरा असेल तर जागा मंजूर. मंजूर घराचा आकडा मालिकेला जोडून तीच नवी मालिका पुन्हा ‘वजीर’ टेम्प्लेटकडे पाठवायची. तक्रार केव्हा ग्राह्य? उभी रांग एकच असेल तर, किंवा तिरका मारा असेल तर. तिरक्यासाठी दोन अंतरांची केवळ किंमत काढून तुलना करायची रीत आहे. पण पहिल्या आवृत्तीत केवळ किंमत काढणारं फंक्शनच दिलेलं नाही. म्हणून ओळ आणि रांग यांची बेरीज जुळते का पाहायचं, मग वजाबाकी जुळते का पाहायचं. ही गैरसोय वाटेल, पण 1850 साली खगोलशास्त्रज्ञ शूमाखरला पत्र लिहिताना गणिती गाउसने हेच कोडं नेमकं असंच बेरजा-वजाबाक्यांचं करून टाकलं होतं. भाषेच्या दारिद्र्यामुळे गाउसच्या पंक्तीला बसायची संधी मिळत असेल तर कुरकुर कशाला? ‘पेक्षा कमी’ हे चिन्ह मात्र अटीत जसंच्या तसं लिहायला जाऊ नये. एक्सएमएलला तिथे नवा टॅग उघडल्याचा भास होतो. वाक्य उलटं करून ‘पेक्षा जास्त’ वापरावं.

आता मुद्द्याचं. वरच्या विधीने निघालं तर पहिली पाच घरं मिळतात ती 1, 3, 5, 2, 4. सहाव्या ओळीत येताच सगळं अडतं. पहिल्या पाच रांगा तर घेतलेल्याच आहेत. सहाव्या घरावर पहिल्या वजिराची तिरकी नजर, सातव्यावर दुसऱ्याची, आठव्यावर तिसऱ्याची. कागदावर सोडवणारा इथे खोडरबर शोधतो. नेहमीच्या भाषेत लिहिणारा पाचव्या ओळीतला 4 यादीतून काढतो, अडवलेल्या रांगा-तिरप्यांची नोंद मागे फिरवतो, आणि त्यातली एखादी फिरवायची राहिली की रात्रभर चूक शोधत बसतो. एक्सएसएलटीत चलाला एकदा दिलेली किंमत बदलताच येत नाही, त्यामुळे काढण्यासारखं काही घडलेलंच नसतं. चौथ्या वजिरानंतरच्या टेम्प्लेटकडे 1352 होतं ते 1352च आहे. त्याने 13524 ही नवी चिठ्ठी पुढे धाडली होती, तिचं काम फसलं, चिठ्ठी विरली. आता ते पुढच्या सुपारीवर जातं. 5, 6 आणि 7 वर हरकत निघते, 8 वर निघत नाही, आणि 13528 ही दुसरी चिठ्ठी रवाना होते. कोणी काही पुसलं नाही, कोणाला राजीनामा द्यावा लागला नाही.

यावर पायथॉनवाले म्हणतील, की यादीला हात न लावता नवी यादी पुढे पाठवणं आमच्याकडेही जमतं, आणि दहा ओळींत जमतं. जमतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण उपवास धरणं वेगळं आणि घरात शिधाच नसणं वेगळं. पहिल्यात मध्यरात्री डबा उघडण्याची भीती असते. लांबीचा आक्षेप आम्ही बिनशर्त मान्य करतो: एका टेम्प्लेटला एक मालिका द्यायची तर तीन ओळी खर्ची पडतात, आणि त्या वाचताना सरकारी परिपत्रकाची आठवण येते. वेगाचा आक्षेप मात्र टिकत नाही. चौसष्ट घरांतून आठ निवडण्याचे प्रकार 4,42,61,65,368 आहेत खरे, पण ओळीला एक वजीर आणि पावलागणिक ना हरकत या शिस्तीत सगळा शोध संपेपर्यंत फक्त 15,720 घरं तपासली जातात आणि 2,056 वेळा वजीर बसतो. टेम्प्लेटने स्वतःलाच बोलावत राहिल्याने स्मरणशक्ती संपेल म्हणावं, तर मूळ हाकेखाली साखळी आठ कड्यांची. शिवाय असली थेरं गंभीर माणसं करत नाहीत, असंही कोणी म्हणेल. पण एक्सएसएलटी चालवणारा सॅक्सन हा प्रोसेसर ज्यांनी लिहिला त्या मायकेल के यांनी एक्सएसएलटीवरच्या आपल्या जाडजूड संदर्भग्रंथात चौसष्ट घरं फिरणारा घोडा सविस्तर दिला आहे.

एक सूचना हौशी लोकांसाठी. एकच उत्तर हवं असा संयमी आग्रह धरू नये. पहिल्या आवृत्तीत ‘फॉर-ईच’ला मध्येच थांबवता येत नाही (ती सोय 2017 च्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळ्या आज्ञेबरोबर आली), त्यामुळे एक उत्तर काढायला सगळी उत्तरं काढण्यापेक्षा जास्त खटपट पडते. सगळीच मागावीत. पहिलं 15863724 येईल आणि एकूण 92 येतील. 1850 मध्ये गाउसच्या हाती 72 लागली होती. पूर्ण 92 फ्रांझ नाउकने त्याच वर्षी दिली. फिरवून किंवा आरशात धरून जुळणारी एकच धरली तर वेगळी अशी 12 उरतात, पण ती निवडण्याचं काम वाचकाने स्वतः करावं. सुपाऱ्यांना आरसा कळत नाही.

पटाचा आकार विधीत कुठेही कोरू नये. आठ हा आकडा टेम्प्लेटमध्ये न लिहिता सुपाऱ्या मोजून घेतला, तर पट मोठा-लहान करायला स्टाइलशीटला हात लावावा लागत नाही. नवव्या सुपारीपर्यंत हे बिनबोभाट चालतं आणि 352 उत्तरं मिळतात. दहावी ठेवलीत तर दोन अंकी घर एका अक्षरात मावत नाही, मग मालिकेत आकड्यांमध्ये टिंबं घालून ती वाचायची रीत बदलावी लागते. तो खटाटोप दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. आठातल्या दोन उचलल्यात तर उत्तरं चार येतील, तीन उचलल्यात तर दहा. पाच किंवा सहा उचलल्यात तर कोरा कागद येईल. प्रोसेसर बिघडला असं समजून तो पुन्हा बसवायला घेऊ नये. तीन बाय तीन आणि दोन बाय दोनच्या पटावर उत्तरच नाही.