संकेतस्थळ उभारण्याची शास्त्रोक्त पद्धत (मूल तालुक्यापुरती)

सदर मार्गदर्शिका स्वतःचं संकेतस्थळ काढू इच्छिणाऱ्या, वयाने साठीपुढच्या आणि भाचा असलेल्या व्यक्तींसाठी आहे. भाचा नसल्यास तो आधी मिळवावा, शेजाऱ्याचाही चालतो.

लेखकाची पात्रता पुढीलप्रमाणे: गडचिरोली जिल्ह्यात ३१ वर्षं मास्तरकी, त्या काळात धानोरा, कुरखेडा, आरमोरीकडे फिरून झाडीबोलीतल्या शब्दांच्या भरलेल्या ४ वह्या, निवृत्तीनंतर मूलला घर, आणि ३ वर्षांच्या परिश्रमाने उभं राहिलेलं एक संकेतस्थळ, ज्यावर बराच काळ ‘हे पान तयार होत आहे’ एवढं एकच वाक्य होतं.

कलम १. नामकरण

नाव छोटं, सोपं आणि आधी कोणी न घेतलेलं असावं. या तिन्ही अटींत बसणारं नाव जगात उरलेलं नाही. गावावरून काही ठेवावं म्हणून मी ‘मूल’ शोधून पाहिलं. पहिल्या पानावर लंगोट, दुसऱ्यावर दात येण्याच्या तक्रारी. अहो, तालुक्याचं ठिकाण आहे, तांदळाच्या गिरण्या आहेत इथे! यंत्राला त्याचं काय.

मराठी माणसाने मराठी नाव घ्यावं, या बाण्याने वागणाऱ्यांसाठी ‘डॉट भारत’ हे शेपूट २०१४पासून देवनागरीत मिळतं. अवश्य घ्यावं. फक्त एक लक्षात असू द्यावं, की पाठीमागच्या यंत्रणेला देवनागरी वाचता येत नाही. ती आपल्या सुंदर नावाचं स्वतःपुरतं एक टोपणनाव बनवते: आधी ‘एक्सएन’, मग दोन आडव्या रेघा, मग अक्षरं-आकड्यांची खिचडी. बहुतेक वेळा ते झाकलेलं राहतं. पण पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की कधीकधी उघडं पडतं आणि साळ्याचा फोन येतो, “भाऊजी, तुमचं खातं कोनं तरी हॅक केलं.”

नाव वेगळं आणि जागा वेगळी, हे समजावायला पुस्तकं सात-सात पानं खर्च करतात. आपल्याकडे एका वाक्यात भागतं: रेल्वेत वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, माणूस उतरतो तिथेच. नाव म्हणजे पाटी. खरा पत्ता आकड्यांचा असतो. कोणती पाटी कोणत्या आकड्याची, याची जगभरची नोंदवही म्हणजे डीएनएस. नोंद बदलली की सगळीकडे पोचायला काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो, कारण वाटेतल्या यंत्रांनी जुनी नोंद पाठ करून ठेवलेली असते. चांद्याचं चंद्रपूर १९६४च्या सुमारास झालं. चांदा फोर्ट स्टेशनाला ते अजून कळायचं आहे. त्यामानाने ४८ तास म्हणजे काहीच नाही. मी ते ४८ तास दर दहा मिनिटांनी पान उघडून पाहण्यात घालवले. तसं करू नये.

कलम २. सातबारा

नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीने भाड्याने मिळतं. पहिल्या वर्षी दुकानदार आपल्याला जावयासारखं वागवतो. दुसऱ्या वर्षी आपण त्याचे सासरे असतो. म्हणून घेतानाच दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. या लेखातलं एवढं वाक्य कापून ठेवलं तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. जमीन घेताना आपण तलाठ्याकडे चार खेटे घालतो, फेरफार तपासतो, सातबाऱ्यावर नाव चढलं की नाही ते चष्मा पुसून पाहतो. संकेतस्थळ घेताना मात्र आपण म्हणतो, “बाळा, तूच करून टाक.” बाळाने करून टाकलं. “मामाजी, टेन्शन नका घेऊ, दोन घंट्याचं काम आहे,” असं म्हणून त्याने ते खरोखर दोन तासांत केलं, स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलवर. तो ईमेल त्याने बारावीत काढलेला. त्यात ‘रॉकस्टार’ असा शब्द असून तो त्याने पुण्याला नोकरी लागल्यावर लाजेखातर उघडणं सोडलं होतं. मुदत संपल्याची पाचही पत्रं रॉकस्टारकडे गेली. माझं संकेतस्थळ ११ दिवस गायब होतं.

बरं, रागावणार कोणावर? वाट पाहून पाहून मी फोन केला तर पोरगं रात्रपाळी करून झोपलेलं. डोळे चोळत उठलं, पदरचे पैसे भरले आणि मला सांगितलंही नाही. ते मला बहिणीकडून कळलं. तरीही नियम तो नियम: नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या फोन नंबरवर घ्यावं आणि भाच्याला मदतनीस ठेवावं. कूळ कितीही प्रेमाचं असलं तरी कूळच.

कलम ३. जागा

घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर संकेतस्थळ ठेवता येतं, असं यूट्यूबवरची मुलं सांगतात. ती मुलं मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात आलेली नसतात. पारा ४७वर गेला की माझा कॉम्प्युटर चुलीवरच्या तव्यासारखा आवाज करतो. जिल्ह्याच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमच्या गल्लीच्या डीपीवर एक माकड चढलं की त्या मेगावॅटांचा आणि आमचा संबंध तुटतो. शिवाय घरच्या इंटरनेटला बहुधा कायमचा पत्ताच नसतो. कंपनी अनेक घरांना मिळून एक पत्ता देते, तोही बदलत राहतो. बिऱ्हाडकरूने दारावर दुकानाची पाटी लावावी कशी?

म्हणून जागा दुसरीकडे घ्यावी. स्वस्तातली जागा ‘सामायिक’ असते, म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो जणांचे संसार. ज्याने झाडीपट्टीतली मंडई, म्हणजे जत्रा, पाहिली आहे त्याला ही व्यवस्था शिकवावी लागत नाही. शंकरपट सुटला, रात्री गावात एकदम तीन नाटकं, तिन्ही वडशाच्या कंपन्यांची. शेजारच्या मंडपात गर्दी उसळली की आपल्या मंडपातला आवाज बसतो, ट्यूबा मिचमिचतात, आणि आपला नायक मरतो कधी ते कळतच नाही. शेजाऱ्याचं संकेतस्थळ गाजलं की तुमचं असंच होतं.

इथे एक खरी गोष्ट सांगतो, जी मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली नाही. तुमची पानं नुसती वाचायची असतील, म्हणजे लेख, शब्द, चार फोटो, तर तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. साधी पानं लिहून गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ठेवली तर १ जीबीपर्यंत फुकट राहतात. माझ्या चारही वह्या टंकून टाकल्या तर त्या १ जीबीचा कोपराही भरत नाही. २००३ साली आलेलं वर्डप्रेस चांगलं आहे, सगळे वापरतात, पण ते दारात म्हैस बांधण्यासारखं आहे. दूध आहे, शेण रोज काढावं लागतं. अपडेट मागतं, बॅकअप मागतं, आणि दोन महिने लक्ष दिलं नाही की आत भलतेच लोक येऊन औषधांच्या जाहिराती लावतात. मी म्हैस बांधली होती. औषधं कोणती होती ते इथे लिहिता येत नाही.

कलम ४. पासवर्ड वहीत लिहावा. वही कुठे ठेवली ते विसरू नये.

कलम ५. फेसबुकवर लिहिता येतं की, वेगळं कशाला?

असं विचारणाऱ्यास मेंढा लेखाला न्यावं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याचीच. दुसऱ्याच्या जागेवर तुम्ही कितीही छान झोपडी बांधा, मालक उठला की तुम्ही उठलात. याहूच्या जिओसिटीजवर लोकांनी लाखो घरं बांधली होती. २००९ साली ती वस्ती उठली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, त्यात माझ्या भाच्याच्या सगळ्या कविता गेल्या. कवितांच्या दृष्टीने ते ठीकच झालं, पण तत्त्व म्हणून वाईट.

मात्र नुसत्या हक्कावर भागत नाही, हेही मेंढ्यालाच शिकावं. वनहक्क कायदा २००६चा. गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. जंगल गावाचं, बांबू गावाचा, पण तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, ज्याला जंगलातलं लहान पोरही टीपी म्हणतं. ते टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः द्यायला आले. आमच्या क्षेत्रात याच वस्तूला एफटीपी म्हणतात. एका अक्षराचा फरक आहे. नाव तुमचं, जागा तुमची, पण फाइली चढवायचा पासवर्ड दुसऱ्याकडे असला, की तुमचा बांबू जागीच वाळवी खाते.

कलम ६. कृतिदेव

माझी पहिली वही मी बसस्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याकडून टंकून घेतली होती. झकास दिसत होती. संकेतस्थळावर चिकटवली आणि पानभर इंग्रजी शिव्यांसारखं काहीतरी उमटलं. मला वाटलं माकड. कारण वेगळंच निघालं: कृतिदेवसारखे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे मुखवटे बसवतात. कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर रोमनच राहतो. मुखवटा काढला की मूळ चेहरा. उपाय असा, की मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा (त्याची साधनं फुकट मिळतात), पानाच्या डोक्यावर ‘यूटीएफ-८’ अशी नोंद करावी, आणि मग प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचावी. कारण बदलताना धानाचे ‘पऱ्हे’, म्हणजे रोपं, हमखास मरतात. आपला तो भुवईसारखा अर्धा ऱ, त्याच्या जागी बिचाऱ्या ‘ह’च्या डोक्यावर रफार येऊन बसतो आणि ‘पर्हे’ होतं. चिमूरपासून भामरागडापर्यंत ज्याने रोवणी पाहिली आहे त्याला तो शब्द ओळखू येणार नाही. मी ‘पऱ्हे’ ६४ ठिकाणी हाताने दुरुस्त केले. पाठ मोडली. प्रत्यक्ष रोवणीतही इतकी मोडत नाही, असं मी म्हटल्यावर घरातून एक विशिष्ट आवाज आला.

फाइलींची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवावीत, हे इथेच सांगून टाकतो.

कलम ७. रूप

इच्छुकाने रूपाच्या नादी लागू नये. हे कलम लिहिण्याचा मला कोणताही नैतिक अधिकार नाही. ३ वर्षांत मी १७ रूपं बदलली. वर सरकणारं चित्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं. एक अख्खा पावसाळा हिरव्या रंगाची छटा ठरवण्यात गेला, बाहेर एवढं रान हिरवं असताना. टिम बर्नर्स-ली या माणसाने १९९१ साली सर्नमध्ये जगातलं पहिलं संकेतस्थळ जगापुढे ठेवलं, त्यात पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि दुवे होते. चित्र नाही, सरकणं नाही. ते पान आजही उघडतं. माझी १७ कुठे आहेत?

एक अनुभव मात्र नोंदवतो. ‘सांबार’ या शब्दापुढे मी फुकटच्या संग्रहातून चित्र टाकलं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ताडोब्याच्या इतक्या जवळ राहून चित्र कोणतं आलं असेल ते सांगायला नको. ‘वडीसाठी एक जुडी बारीक चिरून घ्यावी’ या ओळीवर ते शिंगांसकट दोन महिने उभं होतं.

कलम ८. कुलूप

पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दिसलं तर घाबरू नये. जंगलाच्या रस्त्याला ‘वाघापासून सावधान’ची पाटी असते, त्यातला हा प्रकार. ती पाटी उतरवायला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. ते ९० दिवसच टिकतं, म्हणून नूतनीकरण यंत्रावर सोपवावं, भाच्यावर नाही.

कलम ९. गणना

किती लोक आले ते मोजणारा आकडा पानावर लावता येतो. लावू नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. नवखा माणूस एकच वानर चारदा मोजतो. माझ्या पानावर पहिल्या दिवशी ४१ जण आले. त्यातला ३८ वेळा मीच होतो. उरलेले तीन शोधयंत्रांचे फिरते हेर निघाले, ते न वाचताच जातात.

कलम १०. मजकूर

हे कलम सर्वांत आधी यायला हवं होतं. गेल्या महिन्यात, हलके धान कापणीला आले तेव्हा, बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, “अजी, तीन वर्सं झाले पायतो मी. त्यात आहे काय?”

मी ऐटीत ‘क’चं पान उघडलं. नुकतेच २० शब्द चढवले होते. वाचून दाखवलं: “कडपा. कापलेल्या धानाचा रचलेला ढीग. पाहा, पुंजणे.”

“कडपा म्हनजे ढीग? कोनं सांगतलं तुमाले? कापलेला धान बांधीत वाळाले पसरून ठेवतेत, थे कडपा. भारे बांधून रचले का मंग पुंजना.”

ही बाई आरमोरी तालुक्यातल्या धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी. ३१ वर्षं मी शब्द विचारायला सायकलवरून कुरखेड्यापर्यंत जात होतो, आणि घरी येऊन तिने वाढलेला भात खात होतो.

नेट आमच्याकडे गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला येतं. तिथे दोन खुर्च्या नेल्या. ‘क’ संपायला रात्रीचे अकरा वाजले; २० पैकी ९ बदलले. ‘ख’ची पहिली नोंद ‘खडीगंमत’ आहे. तीही चुकली आहे म्हणते, पण कशी ते उद्या सांगेन म्हणाली, तिला झोप आली होती.