कुठला ड्राफ्ट?

कॅनडाच्या केंद्र सरकारचा भाषांतर विभाग १९३४ सालचा. १९६९च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच यांना सारखा दर्जा दिला आणि इंग्रजीचे फ्रेंच करणाऱ्या ओटावातल्या भाषांतरकाराला उसंत म्हणून उरली नाही. हा गृहस्थ ओळखणे सोपे आहे. एखाद्या शब्दाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, एवढेच विचारावे. इतर लोक उत्तर देतात. हा म्हणतो, ‘सा देपां’, म्हणजे ‘ते अवलंबून आहे’. कशावर अवलंबून, हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी दुसऱ्यांदा करत नाही.

‘ड्राफ्ट’चेच पाहा. पत्राचा कच्चा खर्डा असेल तर ‘ब्रुयों’, कायद्याचा मसुदा असेल तर ‘प्रोजे’. बँकेतला ड्राफ्ट ‘त्रेत’, दाराच्या फटीतून येणारा गार वारा ‘कुरां देर’. जहाज पाण्यात किती खोल बुडते, तो ‘तिरां दो’. पिंपातून ग्लासात उतरणारी बिअर वेगळी आणि गाडी ओढणारा घोडा अर्थातच वेगळा. क्वेबेकात हॉकीचे संघ नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टला मात्र ‘रपेशाज’ म्हणतात. याच शब्दाने फ्रान्समध्ये काठावर नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला वर ओढून घेतात. हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो. ऐकणाऱ्याने तोवर घड्याळ पाहिलेले असते.

रस्त्यावरही त्याला चैन नसते. याला परंपरा आहे. विने आणि दार्बेल्ने या भाषातज्ज्ञांच्या जोडीच्या फ्रेंच-इंग्रजी तुलनेवरच्या १९५८च्या प्रसिद्ध ग्रंथाची सुरुवातच महामार्गावरच्या पाट्यांपासून होते. ‘स्लो’साठी लिहिलेले ‘लांतमां’, म्हणजे ‘हळू’, त्यांना खटकले. अस्सल फ्रेंच पाटी ‘रालांतीर’, म्हणजे ‘वेग कमी करा’, असे सांगते. तेव्हापासून या जमातीतला माणूस पाटी वाचून वेग कमी करतो खरा, पण पाटी तपासायला.

खरी गंमत गिऱ्हाईक आल्यावर. ‘एकच शब्द आहे हो, पाच मिनिटांचे काम’ असे म्हणून ते नुसते ‘ड्राफ्ट’ धाडते. उलट टपाली प्रश्न येतात: नाम की क्रियापद? मथळा की बटण? वाचणारा माँट्रियलचा की पॅरिसचा? गिऱ्हाईक वैतागते, आपला गृहस्थ ‘टर्मियम’ हा सरकारी शब्दसंग्रह उघडून बसतो आणि दुपार सरते. खासगी भाषांतरकाराचा दर बहुधा शब्दागणिक असतो, त्यामुळे बिलात शब्द एकच लागतो. तेव्हा अशा माणसाकडे शब्द पाठवायचा झाल्यास सोबत निदान त्याचे वाक्य तरी पाठवावे.