दोन पट्ट्या

जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून ३,१२४ फूट उंच आहे आणि आमच्या मामांचा संगणक गुलालाच्या पोत्यापासून तीन फूट लांब. कागदोपत्री गावाचं नाव वाडी रत्नागिरी. पण एसटीत बसून ‘एक वाडी रत्नागिरी’ म्हटलं तर कंडक्टर आपल्याकडे परगावचा म्हणून बघतो. तर या जोतिबावर मामांचं नारळ, खोबरं, दवणा आणि गुलालाचं दुकान आहे. मी एकदा त्यांच्या प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून घराण्यात ‘त्याला कॉम्प्युटरातलं कळतंय’ अशी माझी ख्याती आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती मामांच्या जुन्या यंत्रात नव्हती. मी म्हटलं, “मामा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालूया.”

“कितीला?”

“फुकट आहे.”

“मग इतके दिवस काय करत हुतास?”

मुहूर्त मीच काढला, माघातला रविवार. माझ्या सुट्टीचा विचार केला, देवाच्या वाराचा केला नाही. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. भाविक अनवाणी डोंगर चढून येतात आणि दर्शन झालं की दुकानांत टेकतात. मी गल्ल्यामागं पेनड्राइव्ह घेऊन बसलो तेव्हा समोर वीसेक प्रेक्षक होते.

एवढी अक्कल मात्र दाखवली, की बिलांचे तक्ते आधी दुसरीकडं उतरवून घेतले. मग पेनड्राइव्ह लावला. पडदा काळा. पुन्हा चालू करून सुरुवातीच्या यादीतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडला. ग्राफिक्सशी यंत्राचं पटत नसेल तर त्याची ती सोय असते. चित्र उमटलं. फायली उतरू लागल्या, हिरवी पट्टी सरकू लागली. मामी चहा घेऊन आल्या आणि पट्टी थांबली.

“कुठवर आलं?” मामांनी नारळ निवडता निवडता विचारलं.

“अर्ध्याच्या पुढं.”

“मगाशीबी तितंच हुतं की!”

माउसचा बाण मेला होता. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, दिवा लागेना. यंत्र नुसतं कामात आहे की खरंच गोठलंय, हे त्या दिव्यावरून कळतं. मामींना वेगळंच कळलं. म्हणाल्या, “दिवासुदीक लागंना? नारळ वाढवा आधी.”

मग सल्ले आले. पायाला फोड आलेले एक गृहस्थ पुण्याचे, आयटीतले निघाले. “बायोस अपडेट करा,” म्हणाले आणि चहा संपताच उठले. शेजारचा दुकानदार म्हणाला, “वायर हलवून बघ मर्दा.” मी एकेक करत गेलो. पेनड्राइव्हवरची फाईल पडताळली, ती चोख निघाली. डबा उघडला आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. आतला पंखा गुलाबी, तारा गुलाबी, प्रोसेसरवरची जाळी गुलाबी. पालखी आतूनच गेली असावी.

“सापडला चोर!” शेजारी म्हणाला. पंखा भरला की प्रोसेसर तापतो आणि तापला की अडतो, हे खरंच आहे. मी ब्लोअर मारला. दुकानातून गुलालाचा लोट रस्त्यावर गेला. बाहेरच्या घोळक्याला वाटलं, इथंच काहीतरी चाललंय. त्यांनी दणक्यात ‘चांगभलं’ केलं.

नवी थर्मल पेस्ट लावून पुन्हा सुरू केलं. पट्टी या वेळी आणखी पुढं जाऊन अडकली. इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. दर वेळी एकाच जागी अडलं असतं तर फाईलवर किंवा डिस्कवर संशय घेता आला असता. जागा बदलत होती, म्हणजे रॅम बघायला हवी. मेमटेस्ट लावली आणि काही मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उधळल्या. डोंगरावर त्या दिवशी उधळायचं तेवढंच राहिलं होतं.

रॅमच्या पट्ट्या दोन होत्या, चार-चार जीबीच्या. एकेक काढून तपासली. पहिली स्वच्छ. दुसरी लाल, खोडरबरानं तिचे टोकाचे पत्रे घासले, तरी लालच. ही दुसरी मामांनी दोन वर्षांपूर्वी ‘वळखीच्याकडनं’ घेतली होती, बिलाशिवाय.

“आरं, पण बिलं तर रोज निघत्यात की हितनं!” मामा म्हणाले.

त्यांचा मुद्दा बरोबर होता. मी विचारलं, “मामा, तुमची मागची खोली गळते हे कधी कळलं?”

“चैत्र यात्रेत. पावनं भरलं, मागं झोपवलं, आनि रात्री वळीव आला.”

“तसंच हे. बिलांना पुढची खोली पुरते. इन्स्टॉलेशन म्हणजे यात्रा. दाबून भरलेल्या फायली सोडायच्या, मांडायच्या, डिस्कवर पोचवायच्या. त्यात सगळ्या खोल्या भरतात. गळकी खोली तेव्हा सापडते.”

मामा गप्प झाले. मग पोत्याकडं बघून म्हणाले, “म्हंजी गुलालावर उगाच आळ घेतला.”

एका पट्टीवर मिंट पंचवीस मिनिटांत बसलं. बिलं उघडली, प्रिंटर बोलला, मामींनी ठरल्याप्रमाणे नारळ वाढवला आणि श्रेय त्यालाच गेलं. बाद पट्टी मामांनी टाकली नाही; ती गल्ल्यात ठेवलीय, वळखीचा भेटला की दाखवायला.

तुमचाही संगणक असा मधेच अडला तर आधी बिलं बाजूला काढा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जागा बदलत अडत असेल तर रॅम तपासा. आणि हे काम खेट्याच्या रविवारी काढू नका.