जुन्या मुंबईचे फोटो कातरणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. तुमच्यासाठी तो शब्द माझ्या हातून उतरत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुम्ही जुळवलेली फोटोंची जोडी अधूनमधून माझ्या फोनवर येऊन पडते. डावीकडे कृष्णधवल मुंबई, उजवीकडे आजची. डावीकडचा रस्ता मोकळा, उजवीकडचा गच्च. खाली तुमची ठरलेली ओळ : 'काय होती आपली मुंबई आणि काय करून ठेवलं!' कुणी करून ठेवलं, हे तुम्ही लिहीत नाही. ते काम तुम्ही वाचणाऱ्यांवर सोडता, आणि ते लगेच कामाला लागतात : फेरीवाले, झोपडीवाले, 'बाहेरून आलेले'. फोटो काढणाऱ्याचं नाव तुम्ही आधीच कापलेलं असतं. साल मनाला येईल ते ठोकून दिलेलं असतं.

सालाचंच आधी पाहू. मागे तुम्ही 'बोरीबंदर, 1890' असं लिहून ट्रामचा एक फोटो पाठवलात. त्या ट्रामच्या टपावर दांडी आहे आणि ती वरच्या तारेला टेकलेली आहे. मुंबईत ट्राम 1874 साली सुरू झाली, पण ती घोडे ओढत. विजेची ट्राम आली 1907 मध्ये. तुमच्या फोटोतली ट्राम तर दुमजली आहे, आणि दुमजली ट्राम 1920 मध्ये धावू लागली. म्हणजे किमान तीस वर्षांची थाप, तीही पुरावा फोटोतच उभा असताना. मागे महापालिकेची इमारत पुरी बांधलेली दिसते, ती 1893 सालची. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. तेवढा वेळ तुम्हाला झाला नाही, पण तोच फोटो यंत्राकडून रंगवून घ्यायला झाला. रंगवताना यंत्राने दुकानाच्या पाटीवरची अक्षरं अशी बिघडवली की ती आता ना मराठी, ना गुजराती, ना इंग्रजी. त्या पाटीवर कुणाचं तरी नाव होतं. तेही गेलं.

आता तुमच्या लाडक्या मोकळ्या रस्त्यांकडे वळते. 1864 च्या गणतीत मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर होती. त्या काळचे म्हणून तुम्ही जे फोटो फिरवता, त्यांत रस्त्यावर चार माणसं दिसतात. बाकीचे कुठे गेले, हा प्रश्न तुम्हाला कधीच पडला नाही? तेव्हा काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि झाकण उघडून काही सेकंद उजेड आत घ्यावा लागे. तेवढ्यात जे हललं, ते काचेवर उमटत नसे किंवा त्याचा नुसता फराटा राही. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात सगळी रहदारी नाहीशी झाली. ठळक उमटला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. तुमचे फोटो मोठे करून पाहा. रस्त्याच्या मधोमध जे धुकं वाटतं, ते हमाल आहेत, पाणके आहेत, डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या बाया आहेत. पोटासाठी ज्यांना थांबता येत नव्हतं, तेच नेमके काचेवरून पुसले गेले. त्यांच्या नसण्याला तुम्ही 'शिस्त' म्हणता, याचा मला संताप येतो.

आणि कॅमेरा उभा कुठे होता? बहुतेक वेळा कोटात, नव्या दगडी इमारतींसमोर. शहर राहत होतं मांडवीत, भुलेश्वरात, कामाठीपुऱ्यात. 1896 मध्ये मांडवीत प्लेग फुटला, तेव्हा कॅमेरे त्या गल्ल्यांत जास्त शिरले. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले गेले. ज्या रुंद रस्त्याकडे बघून तुम्ही उसासे टाकता, तो कुणाचं तरी घर पाडून झालेला आहे. जुना फोटो म्हणजे उघडं सत्य असंही समजू नका. विल्यम जॉन्सनने 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचा जो ग्रंथ काढला, त्यात स्टुडिओत काढलेली माणसं दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत. पण तो ग्रंथ त्याच्या नावावर आणि सालासकट छापलेला आहे, म्हणून तर आज त्याची लबाडी पकडता येते. तुमची कशी पकडायची?

सालानंतर आता नावाचं. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसं त्या पहिल्या पिढीत कॅमेरा घेऊन उभी राहिली. हातात रसायनं, डोक्यावर काळं कापड आणि मुंबईचा घाम. त्यांच्या कामावर त्यांचं नाव ठेवण्याइतकी लाज आपल्याला हवी.

आता घरचं सांगते. माझ्या मामाने गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीतून बॉक्स कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. खाली निर्मनुष्य रस्ता, बंद दुकानं, एक सायकल भिंतीला टेकवलेली. घरातल्या अल्बमच्या काळ्या कागदावर तो चार त्रिकोणी कोपऱ्यांत बसवलेला असे. बाहेर काढला की मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसे : 'जाने. 1956. कर्फ्यू.' संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, गोळीबारात माणसं मरत होती आणि गिरगाव दारं लावून बसलं होतं. हा फोटो नात्यातल्या कुणीतरी कौतुकाने पुढे पाठवला आणि फिरत फिरत तो तुमच्या हाती लागला. तुम्ही कडा कापल्यात, शेजारी आजची गर्दी लावलीत आणि लिहिलंत : 'दादर, 1940. शांत, स्वच्छ, सुसंस्कृत मुंबई.' माझ्या आईने तो फोनवर पाहिला. भावाचा फोटो तिने ओळखला, खालची ओळ वाचली आणि फोन उलटा ठेवला. मामाने तो फोटो काढला, त्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा गेला होता. त्याचं रक्त तुम्ही स्वच्छतेच्या खात्यावर जमा केलंत.

शहर बिघडलं नाही असं मी म्हणत नाही. बिघडलं, आणि पुष्कळ बिघडलं. म्हणूनच मला खऱ्या फोटोंची गरज आहे. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली. तेव्हाचे आणि आताचे फोटो प्रामाणिकपणे शेजारी ठेवा, म्हणजे ट्रामची जागा कुणी घेतली ते दिसेल : एकेकट्या माणसाच्या मोटारींनी, चालत्या आणि उभ्या. ज्या फुटपाथवर फेरीवाला दिसला की तुमचं पित्त खवळतं, त्याच्या कडेला दिवसभर फुकट उभी असलेली गाडी तुमच्या नजरेत येतच नाही. टोपली घेऊन बसलेली बाई तर जुन्या फोटोतही आहे. गाडी नाही. मोहम्मद अली रोडचे 2002 च्या आधीचे आणि नंतरचे फोटो लावा. जे. जे. उड्डाणपुलाने तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोर काय आणून ठेवलं, हे त्यात कुणालाही कळेल. पूल फेरीवाल्यांनी मागितला नव्हता. गिरगाव-काळबादेवीत मेट्रोसाठी ज्या इमारती उतरवल्या, त्यांच्या जुन्या फोटोंना तर आता भाडेकरूंच्या हक्काच्या कागदाइतकी किंमत आहे. कोणती खोली कुठे होती, दुकानाचं तोंड कुठल्या बाजूला होतं, हे पुढे त्यांच्यावरूनच सांगावं लागेल. अशा वेळी खोट्या सालाचा एक फोटो शंभर खऱ्या फोटोंची पत घालवतो.

नीट काम करणारी माणसं याच शहरात आहेत. दादाभाई नौरोजी रोडवर 1990 च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुकानांच्या पाट्यांची शिस्त आखली, तेव्हा जाहिरातींच्या फळ्यांमागे दडलेल्या कमानी पुन्हा उघड्या झाल्या. शहर पूर्वी कसं होतं याचा अभ्यास असा वापरायचा असतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पुढची जोडी लावण्याआधी जुना फोटो जिथून काढला, तिथेच जाऊन उभे राहा. त्याच उंचीवर, त्याच वेळेला. फोटोला मागची बाजू असेल, तर तीही पाठवा. नाव माहीत असेल तर लिहा, साल ठाऊक नसेल तर 'साल ठाऊक नाही' असं लिहा. आणि माझ्या मामाचा फोटो तुम्ही जिथे जिथे पाठवलात, तिथे तिथे पुन्हा पाठवा, या वेळी खाली एवढंच लिहून : गिरगाव, जानेवारी 1956, कर्फ्यू.