पन्हळीतला पिंपळ

वसई-विरारमध्ये गच्चीवर पत्र्याची शेड असते, शेडला पन्हळ असते आणि पन्हळीत पिंपळ असतो. मे महिन्यात तो वीतभर असतो; सोसायटीच्या सभेत त्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ अशी मुदतवाढ मिळते. जूनमध्ये बदामाची पानं, कावळ्याच्या काड्या आणि संक्रांतीचा मांजा मिळून पन्हळ तुंबते, पाणी वरच्या मजल्याच्या भिंतीत उतरतं. मग सगळे गॅलरीतून नालेसफाईच्या नावानं बोटं मोडतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, वसईच्या मिठागरात माणसं अडकली. तेव्हा तो राग रास्तच होता. पण पन्हळ काही पालिकेची नाही. शिडी, खराटा, बादली आणि एक रविवार, एवढंच लागतं. यंदा सभेआधी शिडी लावा. पिंपळाला सभासदत्व देऊ नका.