रात्रीचं काय?

महावितरणच्या शेवटच्या खांबाच्या पलीकडे, ओढा ओलांडून जावं लागतं अशा शेतात सौरपंप बसवायचा विषय निघाला, की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला : रात्रीचं काय? हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कृषिपंपांना काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री दहा तास थ्री फेज, हे वेळापत्रक महाराष्ट्राने वर्षानुवर्षं पाळलं. डोक्याला बॅटरी बांधायची, हातात काठी घ्यायची, आपण कामावर आल्याचं बिबट्याला खोकून कळवायचं आणि मग दारं धरायची. ही सवय इतकी मुरली, की सूर्य फक्त दिवसाच उगवतो हा सौरपंपाचा दोष ठरू लागला.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, ‘बॅटऱ्या बसवा!’ तर बॅटऱ्यांचा हिशेब मांडू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. ती टिकावी असं वाटत असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती ०.९ युनिट. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अडीच ते पाच एकरवाल्याला ५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. तो तासाला किमान ३.७ युनिट खातो. थोडक्यात, बॅटरी पाव तासाची धनी. तेही मोटर सुरू झाली तर, कारण थेट सुरू होणारी मोटर पहिल्या झटक्याला पाच-सहा पट करंट मागते. याउलट एक लाख लिटर पाणी १० मीटर वर चढवायला, पंपाने निम्मी ताकद वाया घालवली असं धरूनही, साडेपाच युनिट पुरतात. तेवढीच वीज साठवायला सहा बॅटऱ्या हव्यात. त्या चार-पाच वर्षांत मान टाकतात आणि तोवर डिस्टिल्ड वॉटर पितात. विहिरीच्या पाण्याला नाक मुरडणारं शेतावरचं हे एकमेव जनावर. म्हणून माझं म्हणणं असं, की वीज साठवू नये, पाणी साठवावं. घरातल्या ९ वॅटच्या पाच दिव्यांना पाच तासांत पाव युनिटसुद्धा लागत नाही. त्यांच्यासाठी एक छोटी बॅटरी खुशाल ठेवावी.

यावर तज्ज्ञ मंडळी विचारतील, ठिबकला दाब कुठून आणणार? टाकी १० मीटर उंच टेकाडावर असेल तर सुमारे एक किलोचा दाब आपोआप मिळतो. ज्याच्या रानात टेकाड नाही त्याने ठिबक उन्हातच चालवावं. जागेची हरकत मात्र खरी आहे. ३० बाय ३० मीटरचं शेततळं जवळपास नऊ गुंठे गिळतं, आणि वीतभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्यांच्या मुलखात नऊ गुंठे ही चेष्टा नव्हे. शिवाय उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर वाफ धरली, तरी एवढ्या तळ्यातून सात हजार लिटर पाणी आकाशात जातं. ज्याची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते त्याला हे परवडणार नाही. पण आटलेल्या विहिरीतून पाणी काढणारी बॅटरीही अजून बाजारात आलेली नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप भूजलाचा : ऊन फुकट, म्हणून माणूस दिवसभर उपसा करील. करीलही. पण अश्वशक्तीवर ठरलेल्या ठोक बिलाने तरी कुणाचा हात कधी धरला होता? आता तर ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफतच आहे. त्यात स्टार्टरला जोडलेला ऑटोस्विच. मालक घरी घोरतोय, लाइट आली, मोटर आपोआप चालू, आणि लाइट जाईपर्यंत पाणी ज्या वाफ्यात सोडलं होतं त्याच वाफ्यात. सौरपंप निदान मालक जागा असताना चालतो. तळं भरून वाहू लागलं तर दिवसाउजेडी शेजाऱ्याला दिसतं, आणि पाणी त्याच्या बांधाकडे वळलं असेल तर तो सांगायला फोन करत बसत नाही, समक्ष येतो.