गुडघाभर लाटेची कैफियत

गोदावरी ज्या ब्रह्मगिरीवर उगम पावते तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु या नदीने हा हाताशी असलेला शेजार अव्हेरून, पूर्वेकडे तोंड फिरवून, १४६५ किलोमीटरांची पायपीट पत्करून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळणे पसंत केले, आणि तिच्या काठी वाढलेल्या आम्हां नाशिककरांच्या स्वभावातही समुद्राविषयी तीच एक सुसंस्कृत उदासीनता कायमची उतरली.

नाशिकचा आणि समुद्राचा संबंध आलाच नाही असे नव्हे. पण जेव्हा आला तेव्हा तो काही भव्य निमित्तानेच आला. भगूरच्या सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात मोरिया बोटीच्या खिडकीतून उडी घेतली ती थेट इतिहासात. कुसुमाग्रजांनी आपल्या कोलंबसाकरवी साक्षात महासागराला आव्हान दिले. आणि चिमाजीअप्पांच्या १७३९ सालच्या वसईविजयाची निशाणी म्हणून जी पोर्तुगीज घंटा नारोशंकराच्या देवळाच्या तटावर येऊन बसली, तिच्याकडेही आम्ही महापुराचे पाणी कोठवर चढले याचा पंचनामा करण्याचे गंभीर काम सोपविले. गुडघ्याएवढ्या, निरुपद्रवी, किनाऱ्यापर्यंत पोचता पोचताच दम लागणाऱ्या लाटेची दखल मात्र या जिल्ह्याच्या दफ्तरात कोठेही सापडत नाही. आणि ती उणीव भरून काढण्याची कामगिरी नियतीने महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या, चौऱ्याऐंशी किलो वजनाच्या एका अव्वल कारकुनावर सोपवावी, यावरून नियतीलाही विनोदाचे वावडे नसावे असे दिसते.

प्रकरणाचा आरंभ माझ्या धाकट्या भाच्यामुळे झाला. त्याची बदली परदेशी झाली, आणि जाताना तो आपली साडेबारा फूट लांबीची पॅडलबोर्ड नावाची वस्तू, म्हणजे जिच्यावर उभे राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी कापीत जायचे ती टणक फळी, ‘मामा, तुमच्याकडे जागा आहे ना?’ एवढ्या पाच शब्दांच्या दस्तऐवजावर आमच्या घरी ठेवून गेला. लिफ्टमध्ये ती मावेना. तेव्हा तिन्हीसांजेच्या वेळी, पांढऱ्या आच्छादनात गुंडाळलेली ती लांबट वस्तू आम्ही चौघे जण खांद्यावरून जिन्याने चढवीत असता तळमजल्यावरचे वयोवृद्ध शेजारी दारात आले, त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि हलक्या आवाजात ‘कोण गेलं?’ अशी विचारणा केली. ‘कोणी गेलं नाही, पाहुणं आलं आहे,’ या माझ्या उत्तराने त्यांचे समाधान तर झाले नाहीच, उलट जिन्यातून खाली येण्याऐवजी वर जाणारी ही अंत्ययात्रा त्यांना अधिकच अशुभ वाटली असावी.

घरात आलेली वस्तू उपयोगात आणली पाहिजे हा आमच्या पिढीचा धर्म. मोहाडीकडे एका द्राक्षबागायतदार स्नेह्यांचे शेततळे आहे. आमच्या भागातल्या बागांचा उन्हाळा या तळ्यांच्याच जिवावर निघतो. पण त्यांच्या उतारांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असल्यामुळे आत पडलेला मनुष्य हातापायांच्या बळावर बाहेर निघण्याची आशा नसते, म्हणून त्या गृहस्थांनी माझ्या कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक आपल्या गड्याच्या हाती दिले आणि मगच मला फळीवर चढण्याची परवानगी दिली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या पाण्याला पारख्या गावचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये वल्ही मारून तेरावा येतो आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक मिळवितो, तर आपण निदान उभे राहण्यास हरकत नाही, असा माझा युक्तिवाद होता. मी उभा राहिलो, तळ्याच्या चारी बाजूंना पोचलोही. बागायतदारांनी हे सारे दीर्घकाळ शांतपणे पाहिले आणि मग विचारले, ‘सगळं ठीक आहे साहेब, पण हिच्यावर उभं राहून जायचं कुठं?’

त्या प्रश्नाचे उत्तर समुद्राखेरीज दुसरे नव्हते. नाशिकहून त्र्यंबक, जव्हारमार्गे घाट उतरून डहाणू-बोर्डीचा किनारा गाठला की जो समुद्र भेटतो तो चित्रातल्या समुद्राहून अगदी निराळा. वाळूचा उतार इतका सौम्य की ओहोटीला पाणी आपला गाशा गुंडाळून दृष्टीच्या टोकाला जाऊन बसते, आणि भरतीला आले तरी कोणावर चाल करून येत नाही. लाट आपल्या उंचीच्या सव्वापटीइतक्या खोल पाण्यात शिरली की तळाशी अडखळून फुटू लागते, हा सृष्टीचा साधारण नियम. किनारा उभा असेल तर ती एकदम कोसळते, पण बोर्डीसारखा सपाट असेल तर हा फुटण्याचा विधी एखाद्या दिवाणी दाव्याप्रमाणे लांबत जातो, थोडा थोडा फेस सांडीत, कोणत्याही एका जागी निकाल न लावता. शिवाय लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे चार फुटांची लाट दोन फुटांवर आली की तिचे बळ निम्मे न राहता चौथा हिस्सा उरते. तेथल्या एका तांडेलांनी भरतीची वेळ तिथीवरून सांगितली. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची घटका निघते, इकडे ती जराशी मागाहून येते, हा त्यांचा हिशेब; आणि माझ्याकडील साडेबारा फुटांच्या लांबोळक्या फळीकडे पाहून ‘काका, ही होडीची चुलत बहीण आहे, लाटेवर वळायची नाही,’ असा अभिप्रायही त्यांनी विनामूल्य दिला.

तो अभिप्राय अक्षरशः खरा ठरला. अशा लांब, टोकदार, अरुंद फळीचे सारे शील संथ पाण्यात सरळ जाण्यासाठी घडविलेले असते. तिला मागून लाटेने उचलले की ती नाकासमोर चालण्याच्या आपल्या सद्गुणाला इतकी चिकटून राहते की अखेर तेच नाक पाण्यात खुपसते, आणि वर उभा असलेला निवृत्त इसम तिच्या पुढे जाऊन पडतो. तेव्हा अशक्त लाटांसाठी निराळी फळी हवी, हे ठरले. ती कशी असावी, या चौकशीत माझे निवृत्तीनंतरचे अत्यंत सुखाचे दिवस गेले; ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनीची मोजणी तपासण्यात घालविली त्याला लांबी, रुंदी, जाडी आणि आकारमान अशी चार मापे एकाच वस्तूत मिळावीत, याहून अधिक तो काय मागणार?

मी भाच्याला फोन केला. ‘मामा, सगळ्या लाटांना चालेल अशी एकच घ्या, म्हणजे मोठी लाट आली तरी पंचाईत नाही,’ असे तो म्हणाला, आणि येथेच आमचा तात्त्विक मतभेद झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचे आणि मधली वर्षे त्याच रस्त्यांवर कोणी काय वाळत घातले आहे ते पाहत बसायचे, हा प्रघात महापालिकेला शोभतो, गृहस्थाला नाही. कोकणचा समुद्र खरा खवळतो तो पावसाळ्यात. आणि त्याच वेळी, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते, होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात, आणि ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर गेल्या ते तांडेलसुद्धा किनाऱ्यावर जाळी विणीत बसतात. मग माझ्यासारख्याने कोणत्या मोठ्या लाटेसाठी तजवीज करायची? ज्या लाटा मला कायदेशीरपणे, वैद्यकीयदृष्ट्या आणि गृहमंत्रालयाच्या संमतीने उपलब्ध आहेत त्या सर्व लहान आहेत. तेव्हा फळीही त्यांच्याच मापाने घ्यावी हे उघड आहे.

आता गंमत अशी की लहान लाटेला लहान फळी लागत नाही, मोठी लागते. बलवान लाट स्वतःच फळीला पळविते, तिला फक्त आवरावे लागते. दुबळ्या लाटेच्या वाट्याचे काम फळीने करायचे असते, आणि कचेरीत ज्यांनी दुबळ्या साहेबांच्या हाताखाली नोकरी केली आहे त्यांना यातील न्याय वेगळा सांगावा लागणार नाही. एक मीटर खोल पाण्यात लाट ताशी सुमारे अकरा किलोमीटर वेगाने पुढे सरकते. तिच्यावर बसायचे तर ती येण्यापूर्वी आपण त्या वेगाच्या जवळपास पोचले पाहिजे. उभ्याने वल्हविणाऱ्याला लाट दुरून दिसते, त्यामुळे धाव घेण्यास त्याला आधीपासून सवड मिळते, हा या प्रकाराचा मोठाच फायदा. हवाई बेटांतील वायकीकीच्या किनाऱ्यावरचे शिक्षक विसाव्या शतकाच्या मध्यास हाती वल्हे घेऊन फळीवर उभे राहत, ते आपल्या शिष्यांवर नजर ठेवण्यासाठी. पुढे त्याच बेटांवरच्या लेअर्ड हॅमिल्टनसारख्या मल्लांनी ही चाल प्रचंड लाटांवर नेऊन तिला कीर्ती मिळवून दिली. मला स्वतःला त्या शिष्यांकडे पाहत उभ्या असलेल्या मास्तरांची परंपरा अधिक जवळची वाटते.

मग मापे. पाण्यात बुडालेली प्रत्येक लिटरभर वस्तू जवळपास किलोभर वजन तोलून धरते, हे आर्किमिडीजचे फर्मान. माझे चौऱ्याऐंशी, फळीचे दहा, वल्हे आणि ओले कपडे मिळून आणखी दोनएक. म्हणजे शहाण्णव लिटरांच्या खाली मी आणि फळी मिळून पाण्याखालचे रहिवासी. तरुण, सराइताचे याहून थोड्याच अधिकावर भागते; मला एकशे चाळीस-पन्नास लिटरांखेरीज उभ्याउभ्या श्वास घेता येणार नाही. लांबीविषयी दोन पंथ आहेत. एक पंथ आठ फुटांच्या आतबाहेरची, बोथट नाकाची, आखूड आणि भरदार फळी मानतो: ती चपळ वळते. दुसरा पंथ साडेनऊ-दहा फुटांची, गोल नाकाची फळी मानतो: ती नुसत्या लाटेच्या इशाऱ्यानेही सरपटू लागते. मी कोणताही अभिनिवेश न ठेवता दुसऱ्या पंथात दाखल झालो, कारण चपळपणाशी माझे दावे केव्हाच निकाली निघाले आहेत. रुंदी बत्तीस इंच. तळाचा पुढून मागे जाणारा बाक शक्य तितका थोडा, कारण बाकदार तळ पुढे पाणी ढकलीत बसतो आणि दुबळ्या लाटेला तेवढेही ओझे पेलत नाही. उलट नाकाशी अगदीच बाक नसेल तर पूर्वीचा प्रसंग पुन्हा ओढवतो, म्हणून तेवढी सवलत ठेवावी. शेपूट रुंद हवे, लाटेचा जो काही रेटा येतो तो मागच्याच भागावर येतो. आणि वल्हे संथ पाण्यातल्या वल्ह्यापेक्षा आखूड, साधारण डोक्याच्या उंचीचे किंवा त्याहून चार बोटे वर, कारण लाटेवर गुडघे वाकवून राहायचे असते. राहता राहिला पायाला बांधायचा दोर. शेततळ्यावर तो गड्याच्या हाती होता, येथे फळीच्या हाती द्यायचा, इतकाच फरक.

हवा भरायच्या फळीचाही विचार झाला. तिच्या पोटात वरच्या आणि खालच्या पडद्याला जोडणारे हजारो धागे असतात, त्यामुळे मोटारीच्या टायरच्या निम्म्या दाबाने हवा भरली की ती आश्चर्यकारकरीत्या ताठ होते, आणि उतरविली की पाठीवरच्या पिशवीत मावते. परंतु तिच्या कडा जाड आणि गोलसर असतात, लाटेचा उतार त्या धरीत नाहीत. दुबळी लाट, लठ्ठ कडा आणि वर मी, असा त्रिवेणी संगम मला मानवेना. माझे मत टणक फळीकडे झुकले. जिन्याचे मत दुसरीकडे होते.

अखेर रीतसर टिपणी तयार करून, दोन्ही बाजूंचे गुणदोष, अंदाजपत्रक आणि ठेवण्याच्या जागेचा कच्चा नकाशा जोडून मी ती सौभाग्यवतींपुढे मंजुरीसाठी सादर केली. ‘अहो, ही सगळी उठाठेव गुडघाभर पाण्यासाठी?’ असे त्यांनी प्रथम तोंडी विचारले. लाट गुडघाभर असते, पाणी कमरेइतके असते, हा खुलासा मी समासात नोंदविला. दोन दिवसांनी कागद परत आला, त्यावर शेरा होता: ‘मंजूर, मात्र दिवाणखान्यातील जुनी फळी उचलली गेल्याशिवाय नवी घरात आणू नये.’ तेव्हापासून प्रकरण भाच्याकडे अभिप्रायार्थ गेले आहे आणि स्मरणपत्रांना तो केवळ हसरी चित्रे पाठवितो. शेऱ्याखाली पेन्सिलीने एक पुरवणी अटही घातलेली आहे: बोर्डीला जाणे झालेच तर येताना घोलवडचे चिकू आणावेत, आणि ते निवडताना मात्र इतका वेळ लावू नये.